हिरव्या तलवारीचा ब्रश

मी डोक्यावर उभा राहून बोलतोय, तेव्हा काही उलटसुलट झालं तर सांभाळून घ्या. कान तुटलेल्या कपातलं गढूळ पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलंय, केस तळाला टेकून वाकलेत आणि पाय वर हवेत आहेत. पाय म्हणजे माझा लाकडी दांडा. मी एक ब्रश आहे. भिंती रंगवणारा नव्हे, त्या धटिंगणांशी माझं काही नातं नाही. मी बारीक कामाचा, शून्य नंबरचा. माझं टोक नीट असेल तर मी मुंगीच्या भुवयासुद्धा रंगवीन. नीट असेल तर!

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने चिमटीत मावतील एवढे केस घेतले, ठोकून ठोकून सारखे केले, दोऱ्याने आवळले आणि पत्र्याच्या नळीत बसवले. दुसऱ्या बाजूने दांडा घातला. मग तिने मला उजेडात धरलं. एक केस आगाऊपणे बाहेर डोकावत होता, तेवढाच कापला. किती मन लावून कापला! तेव्हा मला वाटलं, जगात सगळीच माणसं अशी असतील. लहान होतो मी.

माझे पहिले मालक एक आजोबा होते. जाड भिंगांचा चष्मा लावून ते अंगठ्याएवढे पुतळे रंगवायचे. हे पुतळे मुलांच्या खेळण्यातले नसतात बरं का. चांगली दाढीमिशीवाली, नोकरीधंद्याची माणसं टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि राक्षस, जादूगार, योद्धे यांच्या लढाया लावतात. प्रत्येकाचा आपापला पुतळा. ते पुतळे येतात नुसते राखाडी, भुतासारखे. त्यांना डोळे, चिलखत, रक्त, रंग सगळं कुणीतरी द्यावं लागतं. ते काम आजोबा करायचे.

आजोबांकडे माझी चैन होती. काम झालं की साबणाने अंघोळ, ओठांत धरून टोकाला आकार आणि मग पंच्याच्या घडीवर आडवा. आडवा! हा शब्द मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका.

पुढे आजोबांची नजर अधू झाली आणि मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. निघताना त्यांनी मला खालच्या मजल्यावरच्या तरुण बाईच्या हातात दिलं. ती रोज दुपारी तान्हं बाळ मांडीवर घेऊन त्यांचं काम बघत बसायची आणि अधूनमधून एखादी ढाल रंगवून द्यायची. आजोबा म्हणाले, “पोरी, तुझा हात स्थिर आहे. हा घे. याला पाण्यात उभा ठेवू नकोस.”

पहिली दोन वाक्यं तिने डोळ्यांत पाणी आणून ऐकली. तिसऱ्या वाक्याला बाळ रडलं.

तेव्हापासून मी कपात आहे.

माझी मालकीण वाईट नाही. मी चिडून बोललो तरी हे आधीच सांगून ठेवतो. पण तिला काळजीचा आजार आहे. दहा फटकारे मारले की ही उठणार, आतल्या खोलीत जाणार आणि झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरणार. श्वास चालू आहे का बघायला! आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ आहे. घरात त्याला ढब्या म्हणतात, यावरून काय ते समजा. त्याचा श्वास बाहेरच्या खोलीत मला ऐकू येतो, मला कान नसताना. तरी ही जाणार. आणि जाताना मला कपात टाकणार. एकदा तर कप समजून चहात टाकलं. आल्यावर तोच चहा प्यायलीसुद्धा आणि म्हणते कशी, “आज चहाला वेगळीच चव आलीय.”

सासूबाई म्हणाल्या, “येणारच. मघाशी तू त्यात राक्षस धुतलास.”

सासूबाई म्हणजे घरातलं एकमेव शांत माणूस. मालकिणीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातून एखाद दिवस घरी असतो. उरल्या दोघी, एक बाळ आणि मी.

आता खरी गोष्ट सांगतो. बाळ होण्याआधी मालकीण पाकिटं भरायच्या कारखान्यात जायची. तिची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं, सकाळी सातला घर सोडायचं आणि संध्याकाळी सातला परतायचं. बारा तास ढब्याच्या नाकाखाली बोट धरायला ती नसणार! या विचारानेच तिला जेवण जात नव्हतं. सुटका एकच होती. आजोबा ज्या खेळाच्या दुकानासाठी पुतळे रंगवायचे, त्या दुकानदाराला आजोबांच्या जागी कुणीतरी हवं होतं. त्याने तिला एक पुतळा दिला आणि म्हणाला, “हा जमला तर सगळं काम तुमचं. घरी बसून करा.”

पुतळा होता एका योद्धा बाईचा. डोकं किंचित खाली झुकवलेलं, पाठीवर लांब झगा आणि छातीसमोर दोन्ही हातांनी उभी धरलेली तलवार. साधी नाही, जादूची. हिरव्या उजेडाने पेटलेली.

आता पुतळ्यावर बल्ब तर लावता येत नाही. उजेड रंगानेच दाखवायचा असतो, आणि तीच आमच्या कामातली मेख आहे. तलवारीच्या मधोमध जवळजवळ पांढरा रंग, मग पिवळट, मग पोपटी, मग गडद हिरवा. त्यानंतर हिरवा रंग पाण्यासारखा पातळ करून तलवारीच्या समोर जे जे येतं त्यावर हलकेच फिरवायचा. हातांच्या आतल्या बाजूला, छातीवर, हनुवटीखाली. बाकी सगळं काळोखात सोडायचं. बाकीचं काळं राहिलं तरच तलवार पेटलेली दिसते. आजोबा हे मला हातात धरून शंभर वेळा पुटपुटले असतील. मला पाठ आहे. पण मला विचारतो कोण?

मालकिणीला काळोख सोडवत नव्हता. हिच्या घरात दिवसाढवळ्या तीन दिवे चालू असतात. ढब्या अंधारात घाबरेल म्हणे. ढब्या झोपेत असतो! तीच तऱ्हा पुतळ्याची. काळा कोपरा दिसला की हिला वाटायचं, काम अर्धवट राहिलं, कुणी नावं ठेवील. की लगेच मला हिरव्यात बुडवून तिथे फिरवायची. चिलखताला हिरवा, कपाळाला हिरवा, बुटांना हिरवा. मी केस ताठ करून विरोध केला. तिने मला कपात आपटून मऊ केलं.

पहिल्यांदा पुतळा घेऊन गेली तेव्हा दुकानदाराने तो हातात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “ताई, यात तलवार कुठली?”

“ही काय, हातात.”

“मला वाटलं बाई शेवाळात पडलीय.”

ती घरी येऊन रडली. पुतळा पुसून काळा केला, पुन्हा रंगवला. या वेळी पुढची बाजू बरी जमली होती, खोटं कशाला बोलू. तिथेच थांबायचं ना! पण नाही. उठली, बाळाचा श्वास बघून आली, बसली, आणि पुतळा उलटा करून पाठीवरच्या झग्यालाही हिरवा उजेड दिला. पाठीला! तलवार पुढे, झगा मागे, मध्ये अख्खी बाई उभी!

दुकानदार म्हणाला, “ताई, उजेड पाठीमागे कसा गेला? वळसा घालून?”

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. ती मान खाली घालून उभी राहिली. मी तेव्हा तिच्या अंबाड्यात खोचलेला होतो. ही तिची आणखी एक सवय, मला डोक्यात खोचून विसरायचं. तिच्या मानेची शीर उडताना मला जाणवली. राग आला होता मला तिचा, पण त्या हसणाऱ्यांचा जास्त आला.

“शुक्रवारी चार वाजेपर्यंत आणा,” दुकानदार म्हणाला. “नाहीतर दुसऱ्या एकाला देतो. माझाही नाइलाज आहे.”

शुक्रवार उजाडला. सकाळपासून ती कामाला बसली. तलवार झाली. आता पातळ हिरवा फिरवायचा होता. तिने मला त्यात बुडवलं, कापडावर टिपलं, सगळं रीतसर. मी खूश झालो. आणि अगदी टेकवणार, तेवढ्यात आतून ढब्याने सुस्कारा टाकला.

नुसता सुस्कारा हो. झोपेत टाकतात तसा.

ही उठली. आणि या वेळी, का कोण जाणे, मला कपात टाकायला विसरली. कधी नव्हे ते मी कपाबाहेर राहिलो आणि तेच महागात पडलं. मला बोटांत धरूनच ती आत गेली, वाकली आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाच्या पुढे मी. माझं टोक ढब्याच्या वरच्या ओठावरून फिरलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी ओरडलो असतो, पण ओरडायला तोंड कुठे आहे?

तिचं समाधान झालं. श्वास चालू होता. बाहेर आली, मला पुसलं, अंबाड्यात खोचलं आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून भाजी चिरायला गेली.

वीस मिनिटांनी सासूबाईंनी बाळाला उठवलं आणि तिथूनच हाक मारली.

“अगं ए, इकडे ये बघू. याचा ओठ असा का दिसतोय?”

ती धावत गेली. ढब्याचा वरचा ओठ हिरवट निळसर दिसत होता. रंग इतका पातळ होता ना, की वर लावलेला वाटेचना. कातडीच्या आतून फुटून आल्यासारखा वाटत होता. कडेला विरलेला, मधे गडद, अगदी झकास. तीन आठवडे मालकीण ज्याच्यासाठी झुरत होती, ते काम नेमकं ढब्याच्या ओठावर उतरलं होतं!

पण ते बघायला कुणाला सुचणार?

“श्वास कोंडला! आई, याचा श्वास कोंडतोय! ओठ निळे पडतात, मी वाचलंय!”

“अगं पण हा तर हसतोय.”

“हसू देत! चला तुम्ही!”

बाई, तुझ्या बोटांकडे बघ, मी म्हणत होतो. तुझी दहाही बोटं हिरवी आहेत. निदान माझी आठवण काढ. पण ती एका पायात स्वतःची चप्पल आणि एका पायात सासूबाईंची घालून जिना उतरत होती. मी अंबाड्यात गचके खात होतो. ढब्या तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हात हलवत होता. त्यानेच काय ते मला ओळखलं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मागच्याच गल्लीत आहे. त्यांनी बाळाला टेबलावर बसवलं, छाती तपासली, नखं पाहिली. मग खिशातून लहानसा टॉर्च काढला आणि हनुवटीखालून तोंडात धरला. “आ कर रे राजा.”

ढब्याने आ केला.

“घसा स्वच्छ आहे. छातीही मस्त वाजतेय.” डॉक्टरीणबाईंनी कापूस ओला केला आणि त्याच्या ओठावरून फिरवला. कापूस हिरवा झाला. त्यांनी तो उजेडात धरला, मालकिणीच्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या डोक्याकडे.

“ताई, तुमच्या अंबाड्यात ते काय आहे?”

मालकिणीने हात वर नेला. मी तिच्या हाताला लागलो.

“रंग पाण्यातला आहे ना? डबीवर काही वाईट लिहिलेलं नाही ना?”

“नाही... पाण्यातलाच. आजोबांनी दाखवलं होतं लिहिलेलं.”

“मग काही होत नाही. मिशी मात्र शोभत होती हं त्याला.”

सासूबाई मटकन बाकावर बसल्या. “माझी चप्पल दे आधी,” म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मालकीण हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, ते मला वरून नीट कळलं नाही. डोकं मात्र सगळं हललं.

ढब्याला टॉर्च आवडला होता. तो त्याने दोन्ही हातांनी पकडला आणि छातीशी उभा धरला. उजेड खालून वर त्याच्या तोंडावर गेला. आणि मालकिणीचं रडणं एकदम थांबलं.

“डॉक्टर, त्याच्याकडून काढून घेऊ नका. आई, तो दिवा बंद करा ना जरा.”

सासूबाई बघतच राहिल्या. ही दिवा बंद करायला सांगतेय? ही? “अगं, मूल तपासायला आणलंय की तमाशा दाखवायला?” असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. खिडकीला जाड पडदा होता. खोली काळोखी झाली आणि ढब्या तेवढा उजळला.

सगळा नाही. हनुवटीची खालची बाजू, खालचा ओठ, नाकाच्या भोकांच्या कडा, गालांचे गोळे, भुवयांच्या खालचा भाग. आणि त्याची दहा बोटं आतून. कपाळ काळं. कान काळे. पाठ तर नव्हतीच, जणू कुणी कापून नेली होती. तरी ढब्या पुरता ढब्या दिसत होता, काही कमी झालेलं नव्हतं.

“मागे काहीच पडत नाही,” ती हळूच म्हणाली.

“पडेल कसं? मागे आहे ना ते,” सासूबाई म्हणाल्या.

आजोबांनी शंभर वेळा सांगितलं, मी केस ताठ करकरून सांगितलं, दुकानदाराने चारचौघांत सांगितलं. शेवटी कळलं कुणामुळे? जो अजून बसवलं की कलंडतो त्याच्यामुळे! माझी काय किंमत आहे या घरात ते बघा.

घरी आलो तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजले होते. सासूबाई ढब्याला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मालकीण टेबलाशी बसली. मग उठली आणि, पुन्हा चालली वाटतं, असं मी म्हणेपर्यंत तिने मधलं दार ओढून घेतलं. पूर्ण नाही, चार बोटांची फट ठेवली. पण ओढलं.

मग तिने मला काळ्या रंगात बुडवलं. योद्धा बाईचं कपाळ काळं केलं. झगा काळा केला. बूट काळे. सगळा काळा झगा पाहून तिला राहवेना, डबीतल्या हिरव्याकडे तिचा हात दोनदा गेला आणि दोनदा मागे आला. नंतर पातळ हिरवा घेतला आणि हनुवटीखाली, बोटांच्या आतल्या बाजूला, भुवयांच्या खाली एवढ्याच जागी मला टेकवलं. कपात राहून राहून माझं टोक वाकलेलं होतं. तरी त्या दिवशी मी जेवढा सरळ होता येईल तेवढा झालो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

मध्ये एकदा ती उठून फटीशी गेली. खोटं का सांगू? पण आत गेली नाही. कान लावला आणि परत आली.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दुकानात पोचलो. या वेळी दोन्ही चपला तिच्याच होत्या. दुकानदाराने पुतळा समोरून पाहिला. मग उलटा केला. मालकिणीचा श्वास थांबला. आता हिच्या नाकाखाली कुणी बोट धरायचं?

“मागे काहीच नाही केलंत?” त्याने विचारलं.

“नाही. तिथे उजेड पोचत नाही.”

“नक्की?”

“हो. मी बघून आलेय.”

त्याने पुतळा काउंटरवर ठेवला, मागे सरकून बघितला आणि हाताने वरचा उजेड अडवला. हिरवी तलवार काळोखात जळत होती. खरंच जळत होती हो. मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं की माझ्याकडून असं काही होतं. “आजोबांना फोटो पाठवतो,” एवढंच तो म्हणाला. मग आत जाऊन एक खोकं घेऊन आला. “हे घेऊन जा. सांगाड्यांची फौज आहे. चाळीस नग.”

“सगळे एकसारखेच रंगवायचे?”

“एकसारखेच. प्रत्येकाच्या हातात पेटती तलवार.”

चाळीस! मला विचारलं होतं का कुणी?

सोमवारी सकाळी सात वाजता ती घराबाहेर पडली नाही. कारखान्यात कळवून टाकलं. टेबलाशी बसली आणि पहिला सांगाडा हातात घेतला. त्यालाही आता महिना झाला. चाळिसातले छत्तीस झालेत. आजोबांचं पत्र आलं, त्यात माझी चौकशी होती. “ब्रश आडवा ठेवतेस ना?” असं लिहिलं होतं. तिने ते सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला कपात टाकून उत्तर लिहायला बसली.

माझे केस आता दोन भागांत फुटलेत. दांड्याचा रंग पाण्याने पोपडे धरून सुटतोय. बारीक रेघ आता माझ्याने होत नाही. उजेडाचं मऊ काम तेवढं होतं. ते संपलं की मी जुन्या ब्रशांच्या डब्यात जाईन, गोंद फासायला. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर आत्ता उठा आणि त्याला पाण्यातून काढा. धुवा. आडवा ठेवा. हात जोडायला मला हात असते तर जोडले असते.

मालकीण अजूनही दर थोड्या वेळाने उठते. पण आता मला हातात घेऊन बाळाजवळ जात नाही, तेवढं शिकली. परवा दुपारी ढब्या झोपला होता, पडदा ओढलेला, दिवा बंद. ती उंबऱ्यापर्यंत गेली. हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. काळोखात ती उभी राहून ऐकत होती. ढब्या घोरत होता. मग ती हसली आणि तशीच, दिवा न लावता, माघारी आली.

चांगलं वाटलं मला. मनापासून सांगतो. पण जाताना तिने मला खाली ठेवलं होतं. कुठे म्हणून काय विचारता?

कपात. डोक्यावर.